बॅटरीवरचा मुऱ्हाळी

परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "गाडी कशी आहे?" गाडी उत्तम आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच चिडणार आहे आणि त्या चिडण्यात गाडीचा दोष शोधायला काही मंडळी टपून बसली आहेत. त्यातली निम्मी माझ्याच घरात राहतात.

जळगाव

खान्देशाबाहेरच्या वाचकांना आधी मुऱ्हाळी सांगायला हवा. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. माहेरचं कुणीतरी जाऊन त्यांना घेऊन येतं. तो मुऱ्हाळी. मुलगी वीस वर्षांची असो की बहात्तर, बस दारातून सुटत असो की अंगणातून, मुऱ्हाळी आल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही.

आमची अक्का बहात्तर वर्षांची. शिरपूरला असते. गेली तीस-बत्तीस वर्षं तिचा मुऱ्हाळी म्हणजे आमचा थोरला भाऊ, दादा. दादाची डिझेलची जीप होती. ती दोन चौक अलीकडूनच खोकायला लागे आणि शेजारच्या बायका वाळत घातलेली कुरडई उचलून आत नेत. वर्षभरापूर्वी जीपची मुदत संपली, ती भंगारात गेली. हिवाळ्यात दादा गेला.

म्हणजे यंदाच्या आखाजीला दादाची पहिली घागर. गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरायची, तिच्याशेजारी आंबे-खरबूज ठेवायचं, पुरणाचा नैवेद्य, आणि हे सगळं बाराच्या आत. आमच्या घरची रीत अशी की पहिल्या घागरीत पहिला तांब्या सख्ख्या बहिणीने ओतायचा. दादाला बहीण एकच. आणि तिला आणायला उरलेला भाऊही एकच, तो म्हणजे मी.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या वर्षी जुनी पेट्रोलची गाडी विकून मी विजेची घेतली आणि त्यानंतर शाळेच्या परिपाठात या विषयावर इतकी भाषणं केली की पाचवीतली मुलंसुद्धा मला पाहून नाकावर रुमाल धरून धुराचा अभिनय करू लागली. शिक्षक-खोलीत एकजण म्हणायचे, "सर, तुमची वीज तरी कुठून येते? भुसावळकडच्या वीजकेंद्राची धुराडी बघा." मी म्हणायचो, धुराडं एका जागी असलं तर उद्या बदलता येतं, लाखो गाड्यांच्या मागे लावलेलं कसं बदलणार? हे मला अजून पटतं. तेव्हा फक्त ते म्हणताना छाती जरा जास्त पुढे यायची.

बायको म्हणाली, "अहो, एक दिवस भाड्याची गाडी करा. पहिली घागर आहे."

मी म्हणालो, "दादा स्वतःच्या गाडीने जायचा."

"दादांची गाडी कुठेही डिझेल पीत होती," ती म्हणाली. "तुमचीला पथ्यपाणी फार."

मी फोनवरचा नकाशा तिच्यापुढे धरला. जळगाव ते धुळे, धुळे ते शिरपूर, सगळ्या रस्त्यावर हिरवे ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे चार्जिंगची सोय. खरं तर शिरपूरला जायचा आमचा जवळचा रस्ता चोपड्यावरून. पण त्या रस्त्यावर ठिपका एकच, म्हणून मी धुळ्याचा, चाळीस किलोमीटर लांबचा रस्ता धरला. इंधन वाचवणारी गाडी घेऊन लांबच्या रस्त्याने जाणारा विज्ञान शिक्षक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

धुळे

आखाजीच्या आदल्या दिवशी निघालो. एरंडोल, पारोळा मागे पडलं. उन्हं अशी की डांबरावर पाणी सांडल्यासारखं दिसावं. गाडीत मात्र गारवा, आवाज नाही, धूर नाही. मी कंपनीने कागदावर दिलेलं अंतर सोडून आमच्या उन्हाळ्याचा हिशोब धरला होता, तोही एसीने खाल्ला. धुळ्यात शिरताना निम्म्याहून कमी बॅटरी उरली होती. म्हटलं, काही हरकत नाही, जेवू आणि तोवर गाडी भरून घेऊ.

ठिपका एका मोठ्या हॉटेलच्या आवारात होता आणि खरोखरच तिथे चार्जर होता. त्यावर छान पत्र्याचं छप्पर, मागे फलक: "डिझेलला निरोप द्या!" आणि त्या छपराखाली डिझेलच्या तीन गाड्या, पाण्याच्या जारांचा ढीग आणि एक बाज. बाजेवर राखणदार काका.

"काका, इथे विजेच्या गाड्या लावतात ना?"

"लावतात ना साहेब."

"मग या कोणाच्या?"

"जेवायला आलेल्यांच्या. सावली आहे ना! आवारात दुसरी सावलीच नाही. एवढ्या उन्हात कोण गाडी बाहेर लावेल?"

मी म्हणालो, मी लावली आहे. काकांनी माझ्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच माझी कीव आली. शेवभाजीवर ताव मारणाऱ्या एका सद्गृहस्थांना शोधून, विनवून, त्यांची गाडी काढायला लावली. ते उठताना म्हणाले, "भाऊ, लोकांना घासावरून उठवू नये." बरोबरच होतं. मी ओशाळून गाडी आत घेतली, चार्जरची जाड वायर उचलली. तिच्या गळ्यात उद्‌घाटनाची फीत अजून लोंबत होती, ऊन खाऊन गुलाबीची पांढरी झालेली.

लावली. काही नाही.

"काका, बंद आहे का हे?"

"नाही नाही, चालूच आहे. फक्त लाईट येत नाही त्यात."

"कधीपासून?"

काकांनी फितीकडे पाहिलं. "साहेब लोकं फीत कापून गेले, तेव्हापासून."

मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. त्याआधी त्यांचं अॅप घ्यावं लागलं, अॅपला माझा फोटो हवा होता, पत्ता हवा होता, आगाऊ रक्कम हवी होती. पेट्रोलपंपावर मला आजवर कुणी माझं नावही विचारलेलं नाही. शेवटी एक गोड आवाज आला. मी सांगितलं, चार्जर बंद आहे.

"सर, हमारे यहाँ तो चार्जर ऑनलाइन दिखा रहा है।"

"ताई, मी त्याच्यासमोर उभा आहे. त्यात वीज नाही."

"सर, सिस्टम में ग्रीन है।"

"तुमच्या सिस्टममध्ये हिरवा असेल. माझ्या समोर काळा आहे. मी त्याला हात लावून बोलतोय!"

"सर, आप एक बार लोकेशन चेक कर लीजिए, शायद आप किसी और चार्जर के पास हों।"

धुळ्यात, भर दुपारी, त्या चार्जरला मिठी मारून उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी शहाणी, नम्र, दूरच्या शहरातली मुलगी सांगत होती की तू जिथे आहेस तिथे तू नाहीस. माझा इतका संताप झाला की मी मराठीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत आणि तिथून थेट मौनात गेलो. तिचा काय दोष? तिला हिरवाच दिसत होता. ज्यांनी ठिपके रंगवले त्यांना तरी कधी उन्हात उभं राहायचं होतं? त्यांना फलक लावायचा होता. फलक लागला.

दोन तास गेले. शेवभाजी मात्र झणझणीत होती. चिडलेल्या माणसाने ती खाऊ नये, एवढंच.

शिरपूर

एसी बंद ठेवून, खिडक्या उघड्या टाकून, तापी ओलांडून शिरपुरात पोचलो तेव्हा एक चतुर्थांश बॅटरी आणि माझा तेवढाच जीव शिल्लक होता. अक्का ओट्यावर बसली होती. गाडी तिच्या पुढ्यात जाऊन थांबली तरी ती रस्त्याच्या टोकाकडेच पाहत होती.

मी हाक मारल्यावर दचकली. "उना का रे सुऱ्या? तुनी गाडीना आवाजच नही. दादानी जीप ये तव्हय चौकमाईनच समजी जाये."

मग पदर खोचून ती पाणी आणायला उठली.

पाणी पिऊन झाल्यावर तिने रस्ता विचारला. मी धुळ्याचा सांगितला. "जयगावथाईन शिरपूरले येवाले मधमा चोपडा लागस," ती म्हणाली, "तू धुये कसाले गया?" मी तिला हिरवे ठिपके समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "येले पह्यले ताक दे. ऊन लागनं दिसस."

घरात मोठं सॉकेट एकच होतं. गाडीसोबत येणारा चार्जर त्यात लावला. रात्रभरात भरपूर भरेल असा हिशोब होता. कळण्याची भाकरी, ठेचा, वर लोण्याचा गोळा. प्रवासाचा सगळा राग त्या भाकरीने पोटात घेतला. मुऱ्हाळ्याला मानाची खोली, त्यात मानाची खाट. इतकी गार झोप लागली की काय सांगू.

सकाळी गाडीपाशी गेलो आणि आकडा पाहिला. पंचावन्न टक्के. सॉकेटमधून गाडीची पिन निघालेली आणि तिथे कूलरची पिन.

"अक्का! हे कुणी काढलं?"

"मी," अक्का म्हणाली. तिला माझ्या ओरडण्याचंच नवल वाटलं. "मंग? मना भाऊ घामेघूम झोपी आन गाडी रातभर जेवत बसी?"

माणूस आणि गाडी यांत आधी कुणाला गार करायचं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलेलाच नव्हता. मी गाडीपुरता विचार करत होतो, ती भावापुरता. सरकारी फलकावर हे गणित कुठेच नव्हतं.

धुळ्याला परत जायचं नाव काढायची सोय नव्हती. चोपड्याच्या रस्त्याने जळगाव एकशे दहा किलोमीटर. पंचावन्न टक्क्यांत काठावर जमलं असतं, आणि चोपड्यात एक ठिपका होताच. सात वाजता निघालो. माहेरी जाणारी बाई रिकाम्या हाताने जात नाही, त्यामुळे मागच्या सीटवर सांजोऱ्यांचा डबा, आंब्याच्या दोन पाट्या, पापडांचं पिंप. अक्का पुढे, मांडीवर पितळी तांब्या. घरचाच. आईचा. त्यानेच ती पाणी ओतणार होती.

चोपडा

डावीकडे सातपुडा धुरकट, उजवीकडे केळीच्या बागा. गरम वाऱ्याने केळीची पानं फाटून गेली होती, तरी त्या बागांपाशी आलं की हवा दोन घोट पाणी प्यायल्यासारखी व्हायची. झाडांना झोके बांधलेले. त्यावर पोरी, बाया, एक तर माझ्या वयाची. अक्का प्रत्येक झोक्याकडे मान वळवून पाहत होती.

एसी बंद. थोड्या वेळाने तिचा चेहरा लाल झाला. ती पदराने वारा घेत राहिली. मी एसी लावला. आकडे असे उतरायला लागले की जणू कुणी खालून नळ उघडला होता.

चोपड्यातला चार्जर शटरच्या आत होता. शटरला कुलूप. शेजारी चहाच्या टपरीवर विचारलं.

"चावी मॅनेजरकडे आहे."

"मॅनेजर कुठे आहे?"

"बहीणले लेवाले गयात. साक्रीले. आखाजी शे ना भाऊ."

सगळ्या प्रवासात मला पहिल्यांदाच कळेना की चिडायचं कुणावर. तोही मुऱ्हाळी निघाला. अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं कयं त्यानी. बहीण वाट दखत व्हई."

पण एक चावी, ती एका माणसाच्या खिशात, आणि तो माणूस सणाला जाणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं! पेट्रोलपंपाचा मालक सणाला गेला म्हणून पंप बंद असं कधी ऐकलंय? जुन्या इंधनाच्या दारात चोवीस तास माणूस उभा. नव्या इंधनाच्या दारात कुलूप. आणि वर आम्हालाच सांगायचं, की लोक बदलायला तयार नाहीत.

तासभर इकडेतिकडे फोन करण्यात गेला. सव्वीस टक्के.

चक्की

धानोऱ्याच्या पुढे, जळगाव वीस-बावीस किलोमीटर राहिलं असताना, गाडीच्या पडद्यावर एक छोटं कासव उमटलं. ही कंपनीची विनोदबुद्धी. बॅटरी संपत आली की गाडी कासव दाखवते आणि कासवासारखीच चालते. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न देत पुढे गेला. साडेदहा वाजले होते.

बायकोचा फोन आला. "अहो, कुठपर्यंत आलात? घागर धुऊन ठेवली आहे. वहिनी सारख्या दाराकडे बघताहेत."

"आलोच," मी म्हणालो. विज्ञान शिक्षकाने असं खोटं बोलू नये.

पुढच्या गावात रस्त्यालगत पिठाची चक्की होती आणि चक्कीसमोरच्या पिंपळाखाली पत्त्यांचा डाव बसला होता. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळणं हा अपराध नसतो, जवळजवळ कुळाचार असतो. मी चक्कीच्या मालकाची चौकशी केली. धोतरातल्या एका म्हाताऱ्याने पत्त्यांवरून नजर न काढता हात वर केला. ते भिला आबा.

"आबा, गाडीची बॅटरी संपली. इथे लावू का?"

"लाव ना मंग. बठ्ठं गाव आठेच लावस," आबा म्हणाले. "बोर्ड उजव्या हातले शे. मी उठाव नही, हातमा पानं चांगला शेत."

सगळं गाव लावतं तिथेच मीही लावायचं; ना फोटो, ना पत्ता, ना अॅप. चक्कीत पीठ आणि गरम पट्ट्याचा वास होता. कोपऱ्यात आधीच एक गाडी चार्ज होऊन उभी होती: निळी, तीनचाकी, बॅटरीवरची रिक्षा. मी तिच्या शेजारी पिन लावली. लागली! पण गावभर कूलर चालू, व्होल्टेज खालावलेलं. गाडीने हळूहळू घोट घ्यायला सुरुवात केली. वीस मिनिटांत टक्काभर. या वेगाने आम्ही बाराच्या आत पोचू, पण उद्याच्या.

अक्का चक्कीच्या पायरीवर बसली होती, तांब्या दोन्ही हातांत धरून. ती रडत नव्हती, चिडत नव्हती. तिने एवढंच म्हटलं, "दादाले तहान लागी व्हई रे." माझी भाषणं, माझे ठिपके, माझी छाती, सगळं त्या पायरीवर सांडलं.

तेवढ्यात चक्कीच्या मागच्या दारातून एक बाई आली. चाळिशीची, हिरवं लुगडं, पायात बूट. ही आबांची लेक मंगल. चोपड्यात बॅटरीची रिक्षा चालवते. अक्काला पाहून थबकली. "काय व्हयनं माय?"

अक्काने सांगितलं. तिला सांगायला दोन वाक्यं लागली. धुळ्यात मला दोन तासांतही असं सांगता आलं नव्हतं.

मंगलने निळ्या रिक्षाची पिन काढली. "बस माय. बारा वाजाना आधी लयी जास तुले."

"आवं पण तू माहेरले येल शे," अक्का म्हणाली. "तुले मुऱ्हाळी लेवाले उना व्हई, आन तू आते परत..."

"माले कसाले मुऱ्हाळी?" मंगल हसली. "चार वरीसथाईन मनी रिक्षाच मना मुऱ्हाळी. मीच माले लयी येस."

पिंपळाखालून आबा ओरडले, "मंगल, जेवाले ये बरं! मांडा व्हई ऱ्हायनात!"

"डाव जिका तुम्ही, मी उनूच!"

आम्ही सामानासकट रिक्षात बसलो. मुऱ्हाळी म्हणून मी पुढे बसायला हवं होतं, पण पुढे जागा एकच आणि ती मंगलची. पापडांचं पिंप मांडीवर घेऊन मी मागे. ती रिक्षा माझ्या गाडीइतकीच शांत, तितकीच बिनधुराची. फरक एवढाच की तिचं उद्‌घाटन कुणी केलं नव्हतं. तापीच्या पुलावरून जाताना खाली वाळूच जास्त होती, पाण्याची एक पट्टी चमकत होती. अक्काने तांब्यासहित हात जोडले. मंगल वेग कमी न करता म्हणाली, "माय, घट्ट धर."

घागर

बाराला नऊ मिनिटं होती. गल्लीतली पोरं रिक्षामागे धावली. बायको दारात. तिने अक्काच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग माझ्याकडे वळून फक्त म्हणाली, "गाडी?"

"नंतर सांगतो."

"मी विचारलंच कुठे," ती म्हणाली. आणि पुन्हा विचारलं नाही, हे मी तिच्या नावे लिहून ठेवतो.

वहिनींनी घागर पुढे केली. अक्काने आईच्या तांब्याने पाणी ओतलं. बारीक धार, न तुटता. ओतताना घागरीकडे वाकून हळू म्हणाली, "दादा, सुऱ्याच लयना बरं माले." मग मला जवळ ओढून माझा हात तांब्याला लावला.

मंगलला जेवायला थांब म्हटलं तर थांबली नाही. घरी मांडे वाट पाहत होते. अक्काने तिची ओटी भरली, सांजोऱ्यांचा अर्धा डबा तिच्या रिक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बसने चक्कीवर गेलो. गाडी पूर्ण भरलेली, वर पिठाचा पातळ थर. आबा डाव हरले होते आणि त्याचं खापर त्यांनी माझ्यावर फोडलं: "तू मधमा बोलना म्हणीसन."

नातेवाईक म्हणतात, विका ती गाडी. मी विकणार नाही. दादाच्या जीपमागे उभं राहून मी पुष्कळ धूर खाल्ला आहे, माझ्या शाळेतल्या पोरांनी तो खाऊ नये असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच माझा राग जात नाही. डिझेलला निरोप द्या म्हणता ना? देतो. पण निरोप देताना दारापर्यंत यायचं असतं, फीत कापून पळायचं नसतं.

घरी आल्यावर मी त्या अॅपमध्ये लिहिलं: धुळ्याचा चार्जर बंद, चोपड्याचा कुलपात, आणि धानोऱ्याच्या पुढे चक्कीवर मात्र चार्जिंग होतं, ते नकाशावर घ्या. उत्तर आलं: "आपण सांगितलेल्या ठिकाणी आमचा चार्जर आढळला नाही." खरं आहे. धुळ्याचा ठिपका अजून हिरवा आहे.

तेव्हा पुढच्या आखाजीला त्या रस्त्याने बहिणीला आणायला निघालात, तर नकाशा पाहू नका. धानोरा सोडल्यावर रस्त्यालगत पिंपळ लागेल. पिन उजव्या हाताच्या बोर्डात लावा. आबांना विचारायचंच असेल, तर हातातला डाव संपेपर्यंत थांबा.